पाणी कळकतं ते बाटलीच्या रिंगमध्ये

पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं तर ते कळकतं, हे आपल्या आज्यांना कुठल्या प्रयोगशाळेनं सांगितलं नव्हतं. आंबट पदार्थ आणि तांब्या-पितळेचं भांडं यांची गाठ पडली की धातूचा अंश उतरतो, चव बिघडते आणि पोटही बिघडू शकतं. म्हणून कल्हई होती, म्हणून ताकाला चिनी मातीची बरणी किंवा लाकडी भांडं होतं, आणि म्हणून पाण्याची कळशी रोज चिंचेनं घासून, कालचं पाणी ओतून, नव्यानं भरली जायची. भांडं अन्नाला चव ‘देतं’ ही गोष्ट ज्या भाषेनं एका क्रियापदात बसवली, त्या भाषेतली माणसं आज स्टीलच्या बाटलीतलं पाणी ‘कसंतरीच लागतंय’ म्हणून बेसिनमध्ये ओततात आणि नवी बाटली मागवतात. गंमत आहे.

विश्रांतवाडी चौकात सकाळी सातला उभं राहिलात तर आळंदी रस्त्यानं आणि विमानतळ रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक दप्तराच्या, प्रत्येक लॅपटॉप बॅगेच्या बाजूच्या खिशात एक बाटली दिसते. चांगलीच गोष्ट आहे ही. विकतच्या पाण्याच्या बाटल्यांचा ढीग त्यानं थोडा तरी कमी होतो. पण संध्याकाळी यातल्या किती बाटल्या अर्ध्या भरलेल्याच घरी परततात, हे आयांना विचारा. मुलं सांगतात, “पाण्याला वास येतो.” आपण म्हणतो, नखरे. एप्रिल-मेमध्ये इथून जवळच्या लोहगावच्या वेधशाळेचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत मूल सकाळी सात ते दुपारी दोन जेमतेम चार घोट पाणी पीत असेल, तर डोकेदुखी, बद्धकोष्ठता, लघवीला जळजळ ही पुढची पायरी असते. मुलांनी वर्गात पाणी प्यावं म्हणून केरळनं २०१९ साली शाळांमध्ये पाण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. घंटा हवीच. पण घंटा वाजल्यावर उघडलेल्या बाटलीतून कुबट वास आला तर मूल झाकण पुन्हा लावून टाकणार.

तेव्हा चवीची तक्रार नखरे म्हणून सोडून देऊ नये. ती एक माहिती असते, आणि थोडं लक्ष दिलं तर बरंच काही सांगते.

आमच्या भागात ही माहिती वाचणं जरा अवघड, कारण पाणीच एका प्रकारचं नाही. खेड तालुक्यातल्या भामा आसखेड धरणाची योजना १ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली आणि पूर्व पुण्याला हक्काचं पाणी मिळू लागलं. पण उन्हाळ्यात टँकर येतोच, बऱ्याच सोसायट्यांना बोअर आहे, आणि ही तिन्ही पाणी शेवटी एकाच गच्चीवरच्या टाकीत एकत्र येतात. धरणाचं पाणी सह्याद्रीतलं, मुळात मऊ, क्षार कमी. बोअरचं पाणी मचूळ. टँकरचं पाणी तो कुठे भरला त्यावर अवलंबून. सोमवारी आणि गुरुवारी एकाच नळाला वेगळी चव लागली तर त्यात आश्चर्य नाही.

चवींची ओळख करून घेऊ. औषधासारखा, जलतरण तलावासारखा वास म्हणजे क्लोरीन. तो असणं ही तक्रार नसून समाधानाची बाब आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) ग्राहकाच्या नळापाशी पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. पाणी तासभर उघड्या भांड्यात ठेवलं तरी हा वास बराच उतरतो. मातीसारखा, ओल्या गोणपाटासारखा वास बहुतेक वेळा धरणातल्या नील-हरित शेवाळांचा आणि काही जिवाणूंचा. जिओस्मिन नावाचं रसायन त्यामागे असतं. माणसाचं नाक ते लिटरमागे पाच-दहा नॅनोग्रॅम इतक्या कमी प्रमाणातही पकडतं. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. पहिल्या पावसात जो मृद्गंध आपण छाती भरून घेतो, त्यातही हेच रसायन असतं. माठात ते आवडतं आणि बाटलीत नको वाटतं, हा आपल्या मनाचा खेळ. पाणी सपक, बेचव लागत असेल तर आरओनं क्षार काढून टाकले आहेत. मात्र कुबट, आंबूस, ओल्या फडक्यासारखा किंवा कालच्या कॉफीसारखा वास आला तर धरण, पालिका आणि टँकर या तिघांनाही तूर्त मोकळं सोडा. तो वास बाटलीचा आहे.

खात्री करायची तर सोपा मार्ग आहे. रात्री एकच पाणी तीन ठिकाणी भरा. काचेच्या पेल्यात, झाकण न लावलेल्या बाटलीत आणि दुसऱ्या दिवशी झाकण लावलेल्या त्याच बाटलीत. सकाळी आधी वास घ्या, मग घोट. पेल्यातल्या पाण्यालाही वास असेल तर पाणी किंवा टाकी. उघड्या बाटलीला असेल तर बाटलीचं पोट. फक्त झाकणबंद बाटलीला असेल तर झाकण, आणि झाकण म्हणजे बहुतेक वेळा त्यातली रिंग. स्टीलच्या बाटल्यांपुरतं माझं मत स्पष्ट आहे. दहापैकी आठ तक्रारी या रिंगपाशी येऊन थांबतात. हा आकडा मोजून काढलेला नाही, अंदाजाचा आहे, पण तुमच्या घरातल्या बाटलीचं झाकण उघडून, चमच्याच्या टोकानं रिंग उचकटून पाहा आणि मग माझ्याशी वाद घाला.

त्या रिंगखाली काय असतं? पाण्याची न वाळलेली रेघ, तोंडातली लाळ, पोळीचा कण, कधी सरबताची साखर. जिवाणूंना आणखी काय हवं? ते पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात. विज्ञानात त्याला जैवपटल म्हणतात, आपण ‘बुरशी आलीय’ म्हणतो. काळे ठिपके दिसले तर ती खरोखरच बुरशी असते. हा थर एकदा जमला की नुसत्या विसळण्यानं हलत नाही, कारण पाणी त्यावरून घसरून जातं. घासावंच लागतं. त्यात रिंग सिलिकॉनची. सिलिकॉन गंध शोषून घेतो आणि हळूहळू परत सोडतो. सुगंधी साबणाचा, कॉफीचा, मसाल्याच्या चहाचा वास म्हणूनच आठवडाभर पाण्यात उतरत राहतो. कुकरची रिंग सैल झाली, वास मारू लागली की आपण निमूटपणे बदलतो. बाटलीची रिंग मात्र बाटलीबरोबरच जन्मली आणि तिच्याबरोबरच जाणार असं आपण का धरून चाललो आहोत, कळत नाही.

इथे आरओबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण आमच्या भागातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत तो भिंतीवर टांगलेला असतो. आरओ, आणि कार्बनची गाळणीही, पाण्यातलं क्लोरीन काढून टाकते. पाण्याची चव सुधारते ती त्यामुळेच. पण क्लोरीन हाच तर वाटेतला पहारेकरी होता. आरओचं पाणी न धुतलेल्या बाटलीत ओतलं की त्या जिवाणूंना अडवणारं काहीच उरत नाही. ‘आम्ही आरओचं भरतो, बाटली रोज कशाला धुवायची?’ हा हिशोब त्यामुळे नेमका उलटा आहे. आरओचं पाणी भरता म्हणूनच ती रोज धुवायची. ज्या पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत, तिथे आरओच्या वापराला मनाई करा, असं राष्ट्रीय हरित लवादानं मे २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितलं होतं. धरणाचं पाणी येणाऱ्या घरात तो यंत्राचा खर्च आणि वाया जाणारं पाणी खरंच हवं का, हा वेगळ्या लेखाचा विषय. बोअरवर राहणाऱ्यांचं गणित वेगळं, हेही खरं.

आता बाटली कुठली घ्यावी. दुकानात सगळ्यात जास्त वेळ रंगावर जातो आणि सगळ्यात कमी तोंडावर. माझी पहिली अट, हात किंवा निदान ब्रश सरळ तळापर्यंत गेला पाहिजे. दुसरी अट झाकणाची. साधं फिरकीचं, एक तुकडा आणि एक रिंग. बटण दाबलं की उघडणारं, आत नळी, नळीला झडप, वर कडी, असलं झाकण मुलांना फार आवडतं आणि ते साफ करणं जवळपास अशक्य असतं. त्या नळीत बारीक ब्रश गेल्याशिवाय ती स्वच्छ झाली असं म्हणता येत नाही. नळीचीच बाटली हवी असेल तर नळी आणि झडप सुटी होते का, आणि बारीक ब्रश सोबत देतात का, एवढं विचारून घ्या.

स्टीलबद्दल दोन समज दूर करतो. एक, ‘स्टीलची चव लागते’. चांगलं स्टील साध्या पाण्याला चव देत नाही. नव्या बाटलीला येणारा धातूसारखा वास बहुतेक वेळा घडवताना आणि चकाकी देताना राहिलेल्या तेलाचा, पॉलिशचा असतो आणि गरम पाणी नि साबणानं दोन-तीन वेळा धुतल्यावर जातो. दोन, लोहचुंबकाची परीक्षा. चुंबक चिकटला नाही म्हणजे उत्तम ३०४ स्टील, असं दुकानदार छातीठोक सांगतात. पण निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असलेलं स्वस्त २०१ किंवा २०२ प्रतीचं स्टीलही चुंबकाला फारसं दाद देत नाही. उलट ३०४ स्टील ठोकून, ओढून आकार दिल्यावर जरासं चुंबकीय होऊ शकतं. म्हणजे चुंबकावरून काहीच ठरत नाही. त्यापेक्षा आयएसआयची खूण पाहा. केंद्र सरकारनं २०२३ साली गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून पाण्याच्या धातूच्या बाटल्यांना भारतीय मानकाची (आयएस १७८०३) खूण बंधनकारक करायचं ठरवलं. खुणेखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की तो खरा की खोटा ते कळतं. ‘फूड ग्रेड’ हे दोन शब्द कुणीही छापू शकतो.

प्लॅस्टिकचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. विकतच्या पाण्याची पातळ बाटली पीईटीची असते, तळाशी त्रिकोणात १ लिहिलेलं असतं. ती एकदा वापरण्यासाठी बनवलेली. तिच्यात उन्हात तापलेल्या पाण्याला जो गोडसर, फळासारखा वास येतो, त्यामागे ॲसिटाल्डिहाइड असतं. स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेलं पाणी एकदा प्यायलात तर काही होत नाही, पण तीच बाटली महिनोन् महिने भरत राहणं बरं नाही. ती चुरगळते, आत ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत थर जमतो. पुन्हा पुन्हा वापरायची तर ५ क्रमांकाची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची जाड बाटली बरी. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सायकलपटू वापरतात तशा मऊ प्लॅस्टिकच्या बाटल्यांत २४ तास पाणी ठेवून तपासलं, तेव्हा प्लॅस्टिकमधून आलेले चारशेहून अधिक पदार्थ त्यांना पाण्यात सापडले. बाटली डिशवॉशरमध्ये धुतल्यावर साबणाचे साडेतीन हजारांहून अधिक. यातल्या बहुतेकांचा शरीरावर काय परिणाम होतो हे अजून ठाऊक नाही. एवढ्यावरून घाबरून जाण्याची गरज नाही, पण डिशवॉशरमधून काढलेली बाटली पुन्हा एकदा साध्या पाण्यानं विसळावी, इतका धडा त्यातून नक्की घ्यावा. पुण्यात आता डिशवॉशर घरोघर येऊ लागले आहेत, म्हणून सांगतो.

आणि तांबं. तांबट आळीच्या हातोड्यांचा आवाज ऐकत वाढलेल्या शहराला तांब्याचं कौतुक असणारच, आणि ते अगदीच निराधार नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात मुद्दाम मिसळलेले पटकी, विषमज्वर आणि हगवणीचे जिवाणू नंतर सापडले नाहीत. पाण्यात उतरलेलं तांबं लिटरमागे साधारण १७७ मायक्रोग्रॅम होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्या दहापटीहून जास्त. मग अडचण कुठे? अडचण लिंबात. तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी, कोकम, ताक भरलं की तांबं भराभर उतरतं, तोंडाला कडवट-धातूसारखी चव येते आणि मळमळ, उलटी होऊ शकते. हेच ते कळकणं. जुन्या बायकांना हे नियम माहीत होते. ऑनलाइन तांब्याची बाटली मागवणाऱ्या नातवापर्यंत ते पोहोचले नाहीत, आणि बाटलीबरोबर येणाऱ्या पत्रकात सगळे गुण लिहिलेले असतात, हा एक दोष मात्र बारीक अक्षरात. शिवाय भांडं वेगळं आणि अरुंद तोंडाची बाटली वेगळी. हिरवट पुटं आत कुठवर चढली आहेत हे तिच्यात दिसत नाही.

काचेची बाटली चवीसाठी सर्वांत निर्धोक. शाळेत कोण पाठवणार? घरात, फ्रिजमध्ये, ऑफिसच्या टेबलावर ती ठेवा.

धुण्याचं काम तीन मिनिटांचं आहे. रोज रात्री झाकण काढायचं, बिनवासाच्या किंवा कमी वासाच्या साबणाचे दोन थेंब, कोमट पाणी, लांब दांड्याचा ब्रश. तळ आणि फिरकीचे आटे नीट घासायचे. बाटलीला तोंड लावून पीत असाल तर बाहेरची कडही. मग विसळून पालथी ठेवायची, आणि झाकण तिच्यावर न लावता बाजूला. हे शेवटचं निम्म्या घरांत चुकतं. धुतलेली बाटली लगेच झाकण लावून मांडणीवर ठेवली जाते, आत ओल कोंडते आणि सकाळी पुन्हा वास. वाळणं हा धुण्याचाच भाग आहे. पावसाळ्यात चोवीस तास वाळत नाही, म्हणून दोन बाटल्या आलटून पालटून वापरणं उत्तम. ब्रशही वाळू द्या. ओल्या ब्रशनं घासायचं म्हणजे कालचे जिवाणू आज परत भरायचे.

आठवड्यातून एकदा रिंग काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं उकळा, घासा, वाळवा. तरीही वास येत असेल तर ती टाका. बाटलीच्या पोटाला वास असेल तर चमचाभर खाण्याचा सोडा आणि गरम पाणी रात्रभर ठेवा. आत पांढरा खरखरीत थर असेल तर तो बोअरच्या पाण्यातला चुना. त्याला सोडा नको, आम्ल हवं. पाणी मिसळलेलं व्हिनेगर किंवा लिंबूसत्व अर्धा तास पुरतं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफसाट करणारे व्हिडिओ पाहायला मजा येते, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि शेवटी खारट पाणी उरतं. ब्रश पोहोचत नसेल अशा जुन्या थर्मासमध्ये मूठभर तांदूळ नि गरम पाणी घालून खळखळून हलवायची जुनी रीत अजूनही उत्तम काम देते. प्लॅस्टिकच्या बाटलीला किंवा झाकणाला बुरशी आली असेल तर लिटरभर पाण्यात लहान चमचाभर साधं ब्लीच घालून दहा मिनिटं भिजवा आणि भरपूर विसळा. स्टीलला ब्लीच लावू नका, त्यानं बारीक खड्डे पडतात. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा लिंबूसत्व कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

सरबत, ओआरएस, प्रथिनांची पावडर यांसाठी बाटली वेगळी ठेवा, आणि ती रात्रीपर्यंत थांबवू नका. घरी आल्या आल्या धुवा.

इतकं सगळं करूनही एक गोष्ट विसरता येत नाही. चव चांगली म्हणजे पाणी चांगलं, असं नसतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. पुणे आणि आसपास संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे, विहिरींकडे, क्लोरीनकडे वळलं. असं पाणी दिसायला स्वच्छ आणि चवीला गोडही असू शकतं. म्हणून क्लोरीनच्या वासाला नाक मुरडणाऱ्यांनी जरा थांबावं, आणि टँकरचं पाणी नुसतं ‘छान लागतं’ म्हणून न उकळता बाटलीत भरू नये. उत्तम धुतलेली बाटली वाईट पाण्याला चांगलं करत नाही.

माझी खरी तक्रार उत्पादकांशी आहे. हजार-बाराशेची बाटली घेतो आपण, आणि तिची दहा-वीस रुपयांची रिंग सुटी मिळत नाही. बोहरी आळीत कुकरच्या कुठल्याही जुन्या मॉडेलची रिंग, शिट्टी, मूठ मिळते. बाटलीचं झाकण मागितलं की दुकानदार नवी बाटली पुढे करतो. दहा वर्षं टिकेल असं स्टील आणि वर्षभरात कुजणारं रबर एकत्र विकायचं, आणि रबर गेलं की स्टीलही टाकायला लावायचं, याला पुनर्वापर म्हणणं ही शुद्ध थट्टा आहे. बाटल्यांच्या मानकासाठी सरकार आदेश काढू शकतं, तर सुट्या रिंगा आणि झाकणं पाच वर्षं विक्रीला ठेवण्याची सक्तीही करू शकतं. तोवर ग्राहकांनी एवढं करावं, घेताना विचारावं, “रिंग वेगळी मिळते का?” नाही म्हणाले तर दुसरं दुकान पाहावं.

घरातल्या वाटणीबद्दलही बोलायला हवं. चौघांच्या चार बाटल्या, आणि रात्री साडेदहाला ओट्यापाशी त्या घासत उभी असते ती एकच बाई. तिनं कंटाळून नुसत्या विसळल्या तर दोष तिचा नाही. दहा वर्षांच्या मुलाला ब्रश धरता येतो, पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला तर नक्कीच येतो. ज्याची बाटली, त्यानं धुवावी. रिंग काढायची कशी, हे मुलांना एकदा दाखवा. खाली काय साठलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

शाळांचा मुद्दा राहिला. सकाळी भरलेली बाटली दहापर्यंत संपायला हवी आणि मग शाळेतच पुन्हा भरता यायला हवी. पण बरेच पालक मुलांना बजावतात, ‘शाळेचं पाणी पिऊ नकोस.’ मुलं मग पाणी पुरवून पुरवून पितात. पुढच्या पालकसभेत वार्षिक स्नेहसंमेलनाच्या वर्गणीआधी दोन प्रश्न विचारा. टाकी शेवटची कधी धुतली, आणि शेवटच्या नळाला क्लोरीन किती येतं? क्लोरीन तपासायची छोटी पेटी फार महाग नसते, आणि विज्ञानाच्या तासाला सातवीची मुलंही ती वापरू शकतात. उत्तर नळाशेजारच्या भिंतीवर, तारखेसह लिहायला सांगा.